सावलीच्या विटा

जानेवारीतला तिसरा रविवार, पारा बेचाळीसवर.
हेस्टर ब्यूकेस घराच्या पूर्वेला, मागच्या अंगणात,
दर तासाला एक वीट ठेवते
सावली संपते तिथे.
एकची वीट भिंतीला चिकटून.
दोनची दीड पाऊल पुढे.
तीनला चप्पल तापून टाच पोळली, तरी ठेवली.
पश्चिमेचं ऊन अपिंग्टनमध्ये झाडं मारतं
हे तिला कुणी शिकवलं नाही,
शेळ्या दुपारी कुठे बसतात ते तिने साठ वर्षं पाहिलंय.

नातू एल्टन वीजबिलाच्या पाठीवर आखतो.
ती सांगते, तो लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.
कडेला कारीचं झाड, भिंतीपासून चार पावलं,
नाहीतर मुळं संडासाची पाइप शोधत येतील.
कोरफडी तीन. जूनमध्ये
बाकी सगळं वाळून गप्प असतं
तेव्हा त्यांचे लाल तुरे उभे राहतात
शिंजिराच्या चोचीच्या उंचीवर.
मग ते दीपमाळेच्या जातीचं, नारिंगी फुलांच्या चकत्यांचं.
आणि कपोकबॉस, जरूर लिही,
त्याच्या बियांचा कापूस पाखरं घरट्यात अंथरतात,
आमच्या आईने उशीत भरला होता.

"पाणी कुठलं?"
"मशीनचं, दुसऱ्या धुण्याचं. पहिलं नाही, त्यात साबण जास्त."
पिण्याचं वेगळं: एनॅमलचं ताट, उथळ,
मध्ये दगड, मधमाशी बुडू नये म्हणून.
ताट दोनच्या विटेपाशी.
भोवती तीन हात मोकळी माती,
शेजारच्या कासीमचा बोका लपून येऊ नये म्हणून.
एल्टनने बोका काढला. मिशांसकट.

चौदाव्या वर्षी तिला पहिला पगार मिळाला
तो पाखरं हाकलण्याचा.
नदीकाठच्या मळ्यात सिमेंटच्या खळ्यांवर
द्राक्षं वाळत पडलेली, मैलभर,
आणि चार पोरी, चार डबे, चार काठ्या.
पाखराने टोचलेला प्रत्येक बेदाणा
मुकादम मोजून कापून घेई.
उंदीरपक्षी टोळीने येत, शेपट्या लोंबत,
चष्मेवाले गुपचूप पानांतून,
आणि हेस्टर वाजवत राही.
पुढे एकतीस वर्षं बेदाणे निवडले तिने, पट्ट्यावर, सावलीत.
डबा मात्र झोपेत वाजत राहिला,
नवरा कोपराने ढोसून थांबवायचा.

एल्टनने पेन्सिल चावली.
"आणि लाक्समन आला तर?"
लाक्समन म्हणजे फाशी देणारा.
आपण मराठीत त्याला खाटीक म्हणतो,
दोन्ही भाषांना त्याच्यात एकच धंदा दिसला.
कालच त्याने काटेरी तारेवर पाल टांगली होती,
अजून तिथेच आहे, वाळून कागदासारखी.
हेस्टर तिच्याकडे बघत राहिली.
"वाफा पाखरांसाठी म्हटलास ना?
मग तार काढू नकोस."
"पण शिंजिराची पिल्लं?"
याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.
म्हणाली, कारीला काटे नसतात.
म्हणाली, बघू.

लावणी एप्रिलमध्ये. तोवर नुसत्या विटा.

चार वाजून गेले.
ती डब्यात पाणी घेऊन आली, ताट भरून बघायला,
किती वेळात आटतं ते.
तीनच्या विटेआड होला बसला होता,
विटेच्या चार बोटं सावलीत जेमतेम मावलेला,
चोच उघडी, गळा धडधडत.
डबा हातात. काठीही होती, भिंतीला टेकलेली.
मनगट तेवढं थोडं हललं.
एल्टनने पाहिलं, विचारलं नाही.

तिने डबा हळूच खाली ठेवला, आवाज न करता,
आणि उभी राहिली, उन्हातच,
कारण सावलीत जायचं तर त्याच्यावरून जावं लागलं असतं.

वीजबिल अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे.
त्यावर एकची वीट आहे, दोनची, तीनची, चारची.
पाचची नाही.